संगणकीय लॉग : कीर्द की खतावणी?

प्रवेश, हजेरी आणि गुणपत्रकांचे काम संगणकावर आले की प्रणालीची स्वतःची नोंदवहीही ओघाने येते. कोण केव्हा आत आला, कोणते काम कोठे अडले, कोणाचे गुण बदलले गेले, हे तीत लिहिले जाते. तिलाच ‘लॉग’ म्हणतात. तो साध्या फाईलमध्ये ठेवावा की डेटाबेसमध्ये, हे बहुधा सॉफ्टवेअर बनविणाराच ठरवून टाकतो. वस्तुतः महाविद्यालयाने ते विचारून घेतले पाहिजे.

जुन्या हिशेबपद्धतीत दुकानदार आधी कीर्द लिहितो, घडले त्या क्रमाने. मागाहून तीच रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढते. फाईल ही कीर्द होय आणि डेटाबेस ही खतावणी.

फाईलच्या शेवटी एक ओळ जोडली की काम झाले. डेटाबेसच बंद पडला तर ‘डेटाबेस बंद आहे’ ही नोंद डेटाबेसमध्ये होणार कशी? पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल हे डेटाबेसदेखील स्वतःच्या चुका सामान्यतः फाईलमध्येच लिहितात. शिवाय एखादा व्यवहार अर्ध्यावर फसून मागे घेतला गेला, तर त्याच व्यवहारात लिहिलेली नोंदही पुसली जाते. म्हणजे जी चूक शोधायची तिचाच माग नाहीसा होतो! तेव्हा बिघाडांची नोंद फाईलमध्येच बरी.

गुणांची बाब निराळी. एखाद्या विद्यार्थ्याच्या ३४ गुणांचे ४३ झाले, तर ते कोणी व केव्हा केले याचे उत्तर पालकाला मिळालेच पाहिजे. येथे वरचा दोषच उपयोगी पडतो. बदल आणि त्याची नोंद एकाच व्यवहारात बांधली की नोंदीवाचून बदल होऊच शकत नाही, आणि हजेरी क्रमांकावरून ती क्षणात सापडते. अट एवढीच, की त्या तक्त्यात भर घालता यावी. खोडता येऊ नये. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी १ एप्रिल २०२३ पासून बदलांची अशी नोंद बंधनकारक आहे, आणि ती बंद करता येता कामा नये.

आदिलाबाद जिल्ह्यात विद्यार्थ्यांची नावे तेलुगू, उर्दू आणि देवनागरी लिपींत येतात. मायएसक्यूएलच्या २०१८ च्या ८.० आवृत्तीपूर्वी मूळ मांडणी लॅटिन लिपीची असे. ती न बदलल्यास उर्दू नावाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत. जुनी प्रणाली वापरात असल्यास हे आधी तपासावे. फाईलही यूटीएफ-८ मध्येच असावी.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्थांनी लॉग १८० दिवस जपावयाचे आहेत. जुन्या फाईली मात्र दुसऱ्या यंत्रावर हलवाव्यात. लॉगनेच डिस्क भरली तर ऐन प्रवेशाच्या दिवसांत सर्व्हर थांबतो.