बंदी एका दिवसाची, गिधाडे अनेक दशकांची

पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेले जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. २००६मध्ये जनावरांसाठीच्या या औषधाच्या उत्पादनावर केंद्र सरकारने बंदी घातली. तथापि, माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी वापरल्या जात राहिल्या. अखेर २०१५मध्ये इंजेक्शनच्या बाटलीवर ३ मिलिलिटरची मर्यादा आली. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक या गिधाडांना घातक ठरणाऱ्या अन्य औषधांच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी येण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे ५ वर्षे लागतात. त्यामुळे पंधरा वर्षांतील हानी भरून येण्यास कित्येक दशके जावी लागतील. पशुपालकाला मात्र औषधाचा गुण त्याच दिवशी दिसतो. गिधाडाचा मृत्यू त्याच्या दृष्टीआड घडतो. म्हणूनच केवळ बंदी पुरेशी नाही. मेलॉक्सिकॅमसारखे सुरक्षित औषध त्याला तितक्याच स्वस्तात आणि सहज मिळाले, तरच ती प्रत्यक्षात उतरेल.