लघुशक्ती एफ.एम. प्रक्षेपकासाठी समाक्ष कनेक्टरची निवड : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

केंद्र शासनाने २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार खुले केले. माणदेशातील म्हसवड येथे २००८ मध्ये सुरू झालेले ‘माणदेशी तरंग’ हे त्याचे ग्रामीण महाराष्ट्रातील एक उदाहरण होय. अशा केंद्राची किंवा पदवी स्तरावरील प्रकल्पाची आखणी करताना प्रक्षेपकाचा सखोल विचार होतो. प्रक्षेपक, केबल आणि अँटेना यांना जोडणारा कनेक्टर मात्र बाजारात मिळेल तो घेतला जातो. या निवडीचे निकष स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संरोधाची जुळणी :

प्रक्षेपक, केबल, कनेक्टर व अँटेना या चारही घटकांचा संरोध समान असावा लागतो. प्रक्षेपण साहित्यात तो बहुधा ५० ओहम असतो. केबल टीव्हीची केबल व तिचा एफ-प्रकारचा कनेक्टर तालुक्याच्या बाजारात सहज मिळतो; परंतु त्यांचा संरोध ७५ ओहम असतो. अशा एका सांध्यावर ४ टक्के शक्ती परावर्तित होते. केबलच्या दोन्ही टोकांचा एकत्रित परिणाम विशिष्ट लांबीस सुमारे १५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे ५० वॅटपैकी सात वॅटहून अधिक शक्ती प्रक्षेपकाकडे परतू शकते.

शक्ती आणि वारंवारता :

५० ओहम संरोधावर ५० वॅट शक्तीसाठी परिणामी विद्युतदाब ५० व्होल्ट आणि प्रवाह १ अँपिअर येतो. हा भार बीएनसी, यूएचएफ (पीएल-२५९) आणि एन हे तिन्ही प्रकार सहज पेलतात. यूएचएफ कनेक्टरचा संरोध स्थिर नसतो. तथापि १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर असल्याने काही सेंटीमीटरच्या सांध्याचा परिणाम अल्प राहतो. सारांश, केवळ शक्ती व वारंवारता यांवरून निर्णय होत नाही.

केबलची जाडी :

२००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अँटेनाची जमिनीपासूनची उंची १५ ते ३० मीटर असावी. ३० मीटर लांबीच्या, ५ मिलिमीटर जाडीच्या आरजी-५८ केबलमध्ये १०० मेगाहर्ट्झला सुमारे ५ डेसिबल क्षय होतो. ५० वॅटपैकी जेमतेम १६ वॅट अँटेनापर्यंत पोहोचतात. सुमारे १० मिलिमीटर जाडीच्या आरजी-२१३ मध्ये हा क्षय साधारण २ डेसिबल असून ३१ वॅट पोहोचतात. म्हणून प्रथम केबल निश्चित करावी आणि तिच्या जाडीसाठीच बनविलेला कनेक्टर घ्यावा. मापाचा मेळ नसल्यास जाळीची पकड सैल राहते व केबलचा भार मधल्या पिनेवर येतो.

पर्जन्यमान :

म्हसवड पर्जन्यछायेत आहे. शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी आहेत. मुंबईला पाणी पुरविणारी भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, यावरून येथील पावसाची कल्पना यावी. कनेक्टरमधून शिरलेले पाणी तांब्याच्या जाळीतून केशाकर्षणाने केबलभर पसरते, तांबे गंजते आणि क्षय वाढत जातो. अशा वेळी केवळ कनेक्टर बदलून भागत नाही, केबलही बदलावी लागते. यूएचएफ प्रकार जलरोधक नसतो. बेल प्रयोगशाळेतील पॉल नील यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या एन-प्रकारात रबरी कडे असते. त्यामुळे उघड्यावर तोच श्रेयस्कर ठरतो.

तरीही सांध्यावर स्वतः एकजीव होणारी रबरी पट्टी खालून वर गुंडाळावी, म्हणजे कौलांप्रमाणे वरचा पदर खालच्यावर येऊन पाणी निथळते. केबल खोलीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा.

निष्कर्ष :

मनोऱ्यावर एन-प्रकार आणि प्रयोगशाळेत वारंवार जोडणी-सोडणी करावी लागत असल्याने बीएनसी, अशी विभागणी योग्य ठरते. परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नसल्याने विद्यार्थी प्रकल्पाची चाचणी अँटेनाऐवजी ५० ओहमच्या डमी लोडवरच घ्यावी. कनेक्टरची किंमत एकूण खर्चात नगण्य असते. परंतु ऐन पावसाळ्यात, जेव्हा गावांना स्थानिक सूचनांची सर्वाधिक गरज असते, तेव्हा केंद्र सुरू राहील की नाही हे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.