नानकटाईच्या माथ्यावरचं जंगल

एकाच मैद्याचा पाव होतो आणि नानकटाईही होते. पाव ओढला की ताणतो, दोन्ही हातांनी तोडावा लागतो. नानकटाई मात्र जिभेवर ठेवून नुसती टाळूशी दाबली तरी तिचा भुगा होतो. पीठ तेच, मग एकात एवढी ओढ आणि दुसऱ्यात एवढा ठिसूळपणा कुठून येतो?

उत्तर पिठात नाही, पाण्यात आहे. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिनं असतात. कोरड्या पिठात ती शेजारी-शेजारी गुमान पडून राहतात. पाणी मिळालं आणि पीठ मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि त्यांचं चिवट जाळं तयार होतं. हेच ग्लुटेन. पोळी न फाटता लाटली जाते आणि पाव फुगूनही फुटत नाही, ते या जाळ्यामुळे. नानकटाईला मात्र हे जाळं नकोच असतं. म्हणून पाण्याच्या आधी तूप आत शिरतं आणि पिठाच्या कणांवर पसरतं. रोवणीच्या दिवसांत धो धो पावसात बांधीत वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरलं असतं, तसं प्रत्येक कणाच्या पाठीवर तूप. पाणी बाहेरच्या बाहेर निथळतं, प्रथिनांची गाठभेट होत नाही आणि जाळं विणलंच जात नाही.

हे शास्त्र आपल्या घरांत फार जुनं आहे, फक्त त्याला प्रयोगशाळेचं नाव नव्हतं. करंजीच्या आणि शंकरपाळ्यांच्या पिठात कडकडीत मोहन घालून ते दोन्ही हातांनी चोळायचं, मग पीठ मुठीत दाबायचं. मुटका वळला तर मोहन पुरे, भुसभुशीत राहिलं तर अजून हवं. ही मुटक्याची परीक्षा म्हणजे इरलं कितीजणांना पुरलं याची मोजणीच.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडमध्ये, हाच विचार करून शॉर्टब्रेड नावाचं बिस्किट केलं जातं. तिथल्या नववर्षाला पाहुणे ते भेट म्हणून घेऊन जातात आणि शेटलंड बेटांवर नववधूच्या डोक्यावर त्याचाच एक प्रकार फोडायची चाल होती. ठिसूळ असल्याशिवाय हे जमणार कसं! त्याचं पारंपरिक प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: वजनाने ३ भाग पीठ, २ भाग लोणी, १ भाग साखर. पण बाजारच्या लोण्यात सुमारे ८० टक्केच स्निग्धांश असतो, उरलेल्यात बहुतेक पाणी. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. म्हणून ३०० ग्रॅम पिठाला २०० ग्रॅम लोण्याऐवजी १६० ग्रॅमच्या आसपास तूप पुरतं, आणि पाण्याचा तो थोडासा अंशही गेल्यामुळे आपली नानकटाई शॉर्टब्रेडपेक्षाही जास्त भुसभुशीत होते.

पण नुसता ठिसूळपणा म्हणजे नानकटाई नव्हे. ती हलकीही हवी, आणि हलकेपणा येतो हवेतून. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने फेसत राहिलं की पिवळसर तूप हळूहळू पांढरं, लोण्यासारखं होतं. रंग बदलतो तो आत कोंडलेल्या हवेच्या असंख्य बारीक बुडबुड्यांमुळे. गंमत अशी की नंतर घातलेला खाण्याचा सोडा एकही नवा बुडबुडा जन्माला घालत नाही. त्याचा वायू आधीच असलेल्या बुडबुड्यांत शिरतो आणि त्यांना फुगवतो. फेसायचा आळस केला, तर सोडा कितीही घाला, त्याला शिरायला घरच नसतं.

आणि इथे आपल्या चंद्रपूरचं हवामान मध्ये येतं. बुडबुडे धरून ठेवतात ते तुपाचे घट्ट, बारीक स्फटिक. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि फडताळातलं तूप दिवसभर तेलासारखं पातळ असतं. पातळ तुपात हवा टिकत नाही. गोळे भट्टीत जाण्याआधीच बसतात आणि भाजताना पसरून चपटे होतात. दिवाळीला मात्र सकाळी तूप आपोआप थिजलेलं मिळतं, ना पार पातळ, ना दगडासारखं. फराळाच्या दिवसांत नानकटाई हमखास जमते, त्यात हाताइतकंच श्रेय ऋतूचं आहे. उन्हाळ्यातच करायची झाली तर फेसलेलं मिश्रण आणि वळलेले गोळे तासभर फ्रिजमध्ये ठेवावेत. पुरणपोळीवर शोभणारं रवाळ तूपही इथे थोडं जास्त फेसावं लागतं, कारण सावकाश थिजल्याने त्याचे स्फटिक मोठे झालेले असतात आणि हवा धरायला बारीक स्फटिकच बरे.

भाजायची सोय आपल्याकडे कधी अडली नाही. घरचं तूप, साखर, मैदा डब्यात घालून बेकरीत द्यायचा आणि संध्याकाळी डबा भरून बिस्किटं आणायची, ही पद्धत गावोगावी आहे. ते जमलं नाही तर कुकर आहेच. तळाशी मिठाचा थर, त्यावर लोखंडी रिंग, त्यावर ताटली, आणि झाकणाची शिट्टी व रबर काढलेलं. मीठ तापतं ते सावकाश आणि तापलं की उष्णता एकसारखी सोडतं. मग १६० ते १७० अंशांना पंधरा-वीस मिनिटांत आत बरंच काही घडतं. तूप वितळतं, बुडबुडे फुगतात, वरची साय आधी वाळते आणि आतून दाब आला की तडकते. नानकटाईच्या अंगावरच्या त्या भेगा अशा पडतात. कडा तपकिरी होतात, कारण प्रथिनं आणि साखर तापून एकमेकांशी संयोग पावतात आणि भाजलेला वास देणारी शेकडो नवी संयुगं तयार होतात. एक गोष्ट मात्र घडत नाही. भातात आणि पोळीत स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, नानकटाईत त्यांना पाणीच मिळत नाही. बहुतेक कण भट्टीतून जसेच्या तसे बाहेर येतात. तोंडात जो रवाळपणा लागतो, त्यात त्या न फुगलेल्या कणांचाही वाटा असतो.

भट्टीतून काढलेली नानकटाई मऊ लागते, म्हणून अनेकजण ती पुन्हा आत सारतात आणि करपवतात. ती कच्ची नसते. वितळलेलं तूप आणि साखर थंड होऊन घट्ट व्हायची असतात. अर्धा तास हात लावू नये, बस.

आता नानकटाईतल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलखाच्या, वाट्याकडे येऊ. स्कॉटलंडमधल्या कित्येक घरांत शॉर्टब्रेडच्या पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळतात. तांदळात ग्लुटेन होत नाही, त्यामुळे बिस्किट आणखी खुसखुशीत होतं. तिकडे तांदूळ पिकत नाही, आयात करावा लागतो. इकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांध्यांत तोच पिकतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी वर्षानुवर्षं जपलं आणि बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ देशाला दिला. तेव्हा लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्या वाणाला मिळालं. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले. त्यांच्या तांदळाची कणी दळून ३०० ग्रॅम पिठात ६० ग्रॅम मिसळली, तर फरक दाताखाली लगेच कळतो.

आणि माथ्यावर चारोळी. केक-बिस्किटांवर रंगीत आयसिंगची नक्षी काढणं ही कला आहेच, पण नानकटाईचा साज एवढाच: मध्यभागी अंगठ्याने खळगी आणि तिच्यात चार-पाच दाणे. हे दाणे शेतात पिकत नाहीत. चार नावाचं झाड चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या पानझडी जंगलात आपसूक वाढतं. हिवाळा सरताना त्याला बारीक पांढरट मोहोर येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत करवंदाएवढी फळं जांभळी-काळी होतात. गर गोड, मुलं झाडाखालीच खातात. अस्वलंही खातात, आणि त्यांच्या विष्ठेतून बिया जंगलभर पसरतात.

या झाडाचं गोत्र पाहिलं की मिठाईच्या दुकानाकडे बघायची नजरच बदलते. चार हा आंब्याच्या कुळातला. त्याच कुळात काजू, त्याच कुळात पिस्ता आणि त्याच कुळात आपल्या जंगलातला बिब्बा, ज्याच्या आतली गोडंबी डिंकाच्या लाडवात पडते. म्हणजे मिठाईवर आपण जे जे पेरतो, त्यातलं कितीतरी एकाच घराण्यातलं आहे. त्या घराण्यातला बिब्बा कातडीवर फोड आणतो आणि चारोळी नानकटाईवर बसते.

दाणा हातात यायला मात्र फार खटपट लागते. फळं भिजवून गर चोळून काढायचा, बिया वाळवायच्या, मग जात्यात अशा बेताने भरडायच्या की कवच फुटेल पण मगज चुरडणार नाही. त्या इवल्याशा मगजात निम्म्याच्या आसपास तेल असतं. म्हणूनच भट्टीत तो स्वतःच्याच तेलात खरपूस होतो आणि म्हणूनच जुना झाला की खवट होतो. विकत घेताना दोन दाणे चावून बघावेत.

भेट द्यायची तर डब्याचंही शास्त्र आहे. नानकटाईत पाण्याचा अंश इतका कमी असतो की बुरशीला तिथे जगता येत नाही, म्हणून पुण्या-मुंबईतल्या लेकीपर्यंत ती ट्रॅव्हल्सच्या प्रवासातही नीट पोचते. धोका बाहेरच्या ओलाव्याचा. गरम असताना डबा बंद केला तर वाफेचं पाणी होऊन तिच्यावरच पडतं. ओल्या नारळाच्या करंज्या शेजारी ठेवल्या तर त्यांचा ओलावा ती शोषून घेते आणि दोन दिवसांत मऊ पडते. पूर्ण गार झाल्यावर, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, एकटीच ठेवावी.

मैदा गिरणीतून येतो, साखर कारखान्यातून, तूप डेअरीतून. या सगळ्यात कुणीही न पेरलेली वस्तू बहुधा एकच, चारोळी. तिचं भवितव्यही म्हणून निराळं आहे. मागणी वाढली की फळं पिकण्याआधीच तोडण्याची चढाओढ लागते, फांद्या छाटल्या जातात, क्वचित झाडच आडवं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी जंगलात राहणाऱ्यांना दिली आणि २००९ साली गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क गावाचा झाला, की फळं कधी तोडायची आणि किती झाडावर राखायची हेही गावाला ठरवता येतं. कच्च्या फळात मगज भरलेलाच नसतो. तोडणाऱ्याला वजन मिळत नाही, खाणाऱ्याला चव मिळत नाही आणि अस्वलाला फळ मिळत नाही. पिकेपर्यंत थांबण्यात तिघांचाही फायदा आहे, आणि चौथा झाडाचा.