मूळ नोंदवही टेबलावर हवी

बारामती-इंदापूर भागातल्या एमएस्सीच्या मुलांना संशोधनातली नीती बरीच वर्षं गाईडच्या वागण्यातूनच कळायची. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण जोडले आणि पेपरांचा पूर आला. पैसे घेऊन चार दिवसांत छापून देणारी जर्नलं निघाली, यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतही शिरली. ही कीड उघडी पाडली आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी. विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांपैकी त्यांनी तपासलेली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असावीत, असं त्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्याच वर्षी उचलेगिरीविरुद्ध नियम आले; दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, असं ठरलं. डिसेंबर २०१९ मध्ये पीएचडीला तीस तासांचा, दोन क्रेडिटचा नीतीचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२३ पासून एमएस्सीच्या पहिल्याच वर्षात संशोधनपद्धतीचा विषय आणला.

मुलं मात्र यातून टक्का तेवढा शिकली. वाक्यं फिरवून साम्याचा रिपोर्ट दहाच्या खाली आणता येतो, पण न घेतलेलं रीडिंग कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडत नाही. आणि आपल्याकडची प्रयोगशाळा पुष्कळदा शिवारातच असते. उसाच्या रानातली माती, विहिरीचं पाणी तपासायला न्यायचं, तर मालकाला कशासाठी ते नीट सांगायला हवं. पाणी खारट निघालं तर ते आधी त्याला कळवावं, त्याचं नाव छापू नये. भिगवणला उजनीच्या पाणथळीत रोहित पक्षी मोजताना फोटोसाठी थवा उठवला, तर ती मोजणीही बिघडते आणि पाखरांचं खाणंही. तीस तासांत याला किती वेळ मिळतो?

२०२२ च्या नियमांनी पीएचडीसाठी पेपर छापण्याची सक्ती काढली, फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीची जर्नलांची केअर यादीही थांबली. जर्नल पारखायचं काम आता महाविद्यालयावर आणि विद्यार्थ्यावर आलं आहे. माझी मागणी त्याहून साधी आहे. एमएस्सी प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला छापील अहवालाशेजारी मूळ नोंदवही हवी, खाडाखोडीसकट. फसलेला प्रयोग जसा घडला तसा लिहिणाऱ्याचे गुण कापले जाऊ नयेत.