तुम्ही कुठल्या गल्लीचे?

बेळगावात नवीन माणसाची ओळख झाली की आडनावानंतर लगेच हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर मिळाले की पुढचे सगळे सोपे होते. कुणाचे शेजारी, कुणाचे व्याही, कुठल्या देवळात आरतीला जाणारे, हे दोन मिनिटांत जुळते. आपल्या मंडळातली मुले मात्र या प्रश्नावर अपार्टमेंटचे नाव सांगतात, म्हणून हे थोडे लिहावेसे वाटले.

बेळगावची गल्ली म्हणजे नुसता रस्ता नव्हे. तिच्या नावातच बरेच काही असते. कडोलकर, भातकांडे, मेणसे ही आडनावांची गल्ल्यांची नावे. समादेवी गल्ली देवीच्या नावाची. टेंगिनकेरा गल्ली तर चक्क कन्नड आहे. तेंगु म्हणजे नारळ आणि केरे म्हणजे तळे. आज तिथे ना नारळ दिसतात ना तळे, पण नाव पिढ्यान्‌पिढ्या मराठी तोंडांत रुळले आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चाललेला सीमाप्रश्न आम्हा सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे, महाराष्ट्राने २००४ साली केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्याबद्दल आमचे मत काय आहे ते सांगायला नको. तरीही सकाळी भाजीवाल्या अक्काशी घासाघीस करताना कोण कुठल्या भाषेत बोलले हे घरी आल्यावर आठवतही नाही. वाक्य मराठीत सुरू होते आणि कन्नडमध्ये संपते. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत असत. त्यांच्या ‘रावसाहेबां’च्या तोंडी जी भाषा आहे ती लोकांना विनोद वाटते, आम्हाला ती घरची वाटते.

गल्लीचे खरे रूप दिसते ते शिवजयंतीला. बेळगावात ती तिथीने, वैशाख शुद्ध द्वितीयेला साजरी होते आणि पुढे चित्ररथांची मिरवणूक निघते. ट्रॉलीवर गल्लीतलीच पोरे शिवाजी महाराज, मावळे, अफझलखान होऊन उभी राहतात. त्यासाठी कितीतरी दिवस आधीपासून रात्री जेवणे झाली की तालमी चालतात. कुणी सुतारकाम करतो, कुणी अंगरखे शिवतो, वर्गणी न देणाऱ्या काकांकडे कोण जाणार यावर वाद होतो. ज्याला घरी चहाचा कप उचलून ठेवायला सांगावे लागते तो पोरगा तिथे रात्रभर खांब धरून उभा असतो! आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली माणसे पहाटेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून बघतात. गणपतीचेही तसेच. लोकमान्यांच्या प्रेरणेने १९०५ साली झेंडा चौकात सार्वजनिक उत्सव सुरू झाला, तेव्हापासून वर्गणी, आरतीची पाळी, कपिलेश्वर तलावावरचे विसर्जन हे सारे गल्लीच्या हिशोबाने चालते.

कुंद्याबद्दल इथे लिहीत नाही, तो सगळ्यांना माहीत आहे आणि पाहुणे तेवढ्यासाठीच फोन करतात.

आता जुनी घरे पाडून खाली दुकाने, वर गोदामे होत आहेत. कुटुंबे टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगरला गेली, मुले पुण्याला आणि बेंगळुरूला. तिकडे घरे प्रशस्त आहेत, गाडी लावायला जागा आहे, त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. पण वर्गणीची पावती फाडायला दारात कुणी येत नाही. गणपतीत मात्र हीच माणसे रिक्षा करून जुन्या गल्लीत आरतीला येतात आणि आपल्या बंद घराच्या पायरीवर घटकाभर बसतात.

येत्या तिळगूळ मेळाव्यात आम्ही जुन्या बेळगावचा एक मोठा नकाशा भिंतीवर लावणार आहोत. त्यावर फक्त गल्ल्या असतील. प्रत्येक कुटुंबाने आपले घर दाखवून तिथे नाव लिहायचे. लिहिताना आजी-आजोबांना बरोबर आणा. गल्ली ठाऊक आहे पण घर सापडत नाही असे झाले, तर जवळच्या देवळापासून दारे मोजायला सुरुवात करा.