गाभाऱ्याचा घुमारा एका फाइलमध्ये

खामगाव-चिखलीकडे घरातल्या खोलीत भजन रेकॉर्ड करणारा एखादा पोरगा जुनं सॉफ्टवेअर सोडून नवं घेतो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्या पोटात गोळा येतो. पेटीचा आवाज ज्याने गोड व्हायचा तो ईक्यू नाही, टाळांचा कर्कशपणा आवरणारा कॉम्प्रेसर नाही. सगळे प्लगइन गायब! खरं तर बहुतेक वेळा ते कुठे गेलेले नसतात. स्टाइनबर्ग कंपनीने 1996 साली प्लगइन जोडण्याची व्हीएसटी ही पद्धत आणली. ॲपलचं लॉजिक मात्र फक्त ऑडिओ युनिट ओळखतं आणि प्रो टूल्सला एएएक्स लागतं. पुष्कळ कंपन्या एकच प्लगइन या तिन्ही रूपांत देतात. आपल्याला हवं ते रूप पुन्हा उतरवून घेतलं की काम झालं.

पण सगळं पुन्हा घ्यायची गरज तरी आहे का? याचं उत्तर द्यायला एक विलक्षण साधी परीक्षा आहे. एकाच गाण्याच्या दोन प्रती करा. एकीला जुना ईक्यू लावा, दुसरीला नव्या सॉफ्टवेअरसोबत फुकट आलेला; आकडे जुळवा. मग एका प्रतीची लहर उलटी करून दोन्ही एकदम वाजवा. दोन्ही ईक्यूंचं गणित एकच असेल तर स्पीकरमधून काहीही येत नाही. गाणं चालू आहे, काटे हलताहेत आणि खोलीत निखळ शांतता! साध्या ईक्यूंच्या बाबतीत ही शांतता, किंवा तिच्या अगदी जवळ जाणारी कुजबुज, वारंवार मिळते. कॉम्प्रेसर मात्र सहसा जुळत नाहीत. प्रत्येकाची आवाज दाबण्याची आणि सोडण्याची चाल निराळी. पैसे खर्चायचेच तर तिथे खर्चावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आवाजाला घुमारा देणारा रिव्हर्ब? इथे तर थक्कच व्हायला होतं. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा विचार करा. दगडी भिंती आवाज फारसा शोषत नाहीत, परत पाठवतात. कोरीव खांब आणि छत तो विखुरतात. तिथे एक फुगा फोडला तर त्या फटाक्यात खर्जापासून टिपेपर्यंतचे स्वर एकदमच असतात. त्यामागून जो घुमारा येतो, त्यात त्या जागेचा स्वभाव जवळजवळ पूर्ण उतरतो. तेवढा घुमारा रेकॉर्ड केला की झालं. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात.

आता घरी गायलेला अभंग घ्या. रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचे सेकंदाला 48,000 ठिपके असतात. यातला प्रत्येक ठिपका हा एक चिमुकला फुगाच, असं कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब मानतो. प्रत्येकामागे तोच घुमारा जोडतो आणि सगळ्यांची बेरीज करतो. घुमारा दोन सेकंदांचा असेल तर सरळ पद्धतीने सेकंदाला साडेचार अब्जांहून जास्त गुणाकार! कूली आणि ट्युकी यांनी 1965 साली मांडलेल्या झटपट फूरिए गणितामुळे हे ओझं इतकं हलकं होतं, की साधा लॅपटॉपही ते पेलतो. 1999 मध्ये सोनीने यासाठी वेगळं यंत्र काढलं होतं. आज रीपर या सॉफ्टवेअरमध्ये रीव्हर्ब (ReaVerb) आणि लॉजिकमध्ये स्पेस डिझायनर हे प्लगइन सोबतच मिळतात. घरच्या खोलीतला गळा दगडी मंडपात गायल्यासारखा ऐकू येतो!

म्हणून महागड्या रिव्हर्बच्या मागे लागण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या जागा ऐका. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या, गर्दी नसेल अशी वेळ निवडा, रेकॉर्डरची पातळी कमी ठेवा म्हणजे फटाका फाटणार नाही. सुरुवातीची शांतता कापून डब्ल्यूएव्ही फाइल जपून ठेवा. ती कुठल्याही कंपनीच्या मालकीची नसते. सॉफ्टवेअर कितीदाही बदललं तरी चालते.