युद्धविषयक चित्रकथांतील सैनिकाचे चित्रण : एक विवेचन

प्रस्तावना : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकन चित्रकथांमध्ये सैनिक हा प्रायः पराक्रमी नायक व शत्रू हा खलपुरुष असे. या परंपरेला छेद देणाऱ्या चित्रकथांचे स्वरूप प्रस्तुत लेखात विशद केले आहे.

विवेचन : कोरियन युद्ध सुरू असताना हार्वे कुर्ट्झमन यांनी 'टू-फिस्टेड टेल्स' (१९५०) व 'फ्रंटलाइन कॉम्बॅट' (१९५१) या नियतकालिकांचे संपादन केले. त्यांच्या 'कॉर्प्स ऑन द इमजिन' या कथेत अमेरिकन सैनिक शत्रुसैनिकाला नदीत बुडवून मारतो. तेथे विजयोत्सव नाही. प्रवाहात वाहणारे प्रेत तेवढे उरते.

हा वारसा आर्ची गुडविन यांनी 'ब्लेझिंग कॉम्बॅट' (१९६५-६६) मध्ये पुढे नेला. त्यातील 'लँडस्केप' या कथेच्या केंद्रस्थानी सैनिक नसून भातशेती करणारा वृद्ध व्हिएतनामी शेतकरी आहे. युद्ध त्याच्या शेतापर्यंत येते व त्यात त्याचा बळी जातो. कृष्णधवल मासिकाच्या आकारामुळे या नियतकालिकास चित्रकथांसाठीची १९५४ ची आचारसंहिता लागू नव्हती. तथापि लष्करी तळांवरील दुकानांत त्याची विक्री थांबली, वितरकांनीही पाठ फिरविली आणि अवघ्या ४ अंकांनंतर ते बंद पडले.

निष्कर्ष : नियमांच्या कक्षेबाहेर असलेले लेखन विक्रीची वाट रोखूनही थोपविता येते, हे यावरून स्पष्ट होते. म्हणून या चित्रकथांचा अभ्यास करताना कथानकाइतकाच त्यांच्या वितरणाचा इतिहासही विचारात घेणे आवश्यक ठरते.